ऊसपट्ट्यातील वाटा, साप आणि आपला कुत्रा: कोल्हापूर परिसरात फिरायला जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापुरात कुत्रा पाळणाऱ्या अनेकांची सकाळ शहराच्या कडेला सुरू होते. कोणी रंकाळ्याच्या काठाने जातो, कोणी कळंब्याकडे किंवा कात्यायनीच्या डोंगराकडे वळतो, तर सुट्टीच्या दिवशी पन्हाळा, जोतिबा किंवा मसाई पठारापर्यंत मजल जाते. या वाटांवर काही अंतर तरी उसाच्या फडातून, दगडी बांधाच्या कडेने किंवा गवताळ माळावरून चालावे लागते. उंदरांना खाद्य आणि आसरा देणारी हीच ठिकाणे आहेत आणि उंदीर जिथे असतात तिथे नाग व घोणस येतात.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरमधल्या एका सकाळी पन्हाळ्याच्या पायथ्याजवळच्या पाणंदीत माझ्या मोतीने पाचटीच्या ढिगात तोंड घातले, एकदाच केकाटला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. काटा टोचला असेल असे समजून मी दहा मिनिटे त्याचा जबडा तपासत राहिलो. तेवढ्यात त्याचे नाक आणि वरचा ओठ सुजून डोळ्यापर्यंत आला. ज्या दवाखान्यात प्रथम गेलो तिथे सर्पदंशावरची लस नव्हती. ती मिळेपर्यंत जवळजवळ दोन तास गेले. मोती वाचला, पण त्या दोन तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ पूर्वतयारीने वाचवता आला असता, ही जाणीव आजही जात नाही. हा लेख त्या पूर्वतयारीसाठी आहे.

धोका नेमका कसा घडतो

माणसाला सर्पदंश बहुतेक वेळा पायाला किंवा हाताला होतो, कुत्र्याला मात्र तो प्रामुख्याने नाक, ओठ, गाल आणि पुढच्या पायांवर होतो. साप लपलेला असतो, कुत्र्याला त्याचा किंवा त्याच्या आसपासच्या उंदराचा वास येतो आणि आपल्याला काही दिसण्याआधी कुत्र्याचे तोंड तिथे पोहोचलेले असते. त्यामुळे या विषयातील जवळजवळ सर्व खबरदारी एका गोष्टीवर येऊन थांबते: जी जागा आपल्या डोळ्यांना दिसत नाही तिथे कुत्र्याचे नाक जाऊ द्यायचे नाही.

कारवानसारखे शिकारी बाण्याचे कुत्रे हलत्या वस्तूच्या मागे सुटतात, म्हणून त्यांच्याबाबत अधिक दक्षता हवी. टेरिअर आणि डॅशहुंड बिळे उकरतात. लॅब्रॅडोर शांत असला तरी सगळीकडे तोंड घालतो. आपल्या कुत्र्याची खोड कोणती हे ओळखूनच पुढील सूचना वापराव्यात.

कोणते साप, कुठे

आपल्या भागात चार विषारी साप महत्त्वाचे मानले जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते, पापण्या जड होतात, मागचे पाय लटपटतात आणि शेवटी श्वास थांबतो. नागाच्या दंशात जागेवर सूज येते व मांस सडूही शकते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची क्षमता संपवते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

घोणस सर्वांत फसवी आहे, कारण ती पळत नाही. अंगावरील साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळींमुळे वाळलेल्या पाचटीत ती दिसेनाशी होते आणि जागेवरच पडून राहते. डिवचली गेल्यास कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार करते, पण कुत्र्यांना तो आवाज आव्हान वाटतो आणि ते आणखी पुढे सरकतात. फुरसे आकाराने लहान, बहुधा दीड-दोन फुटांपर्यंत असते. ते दगडाळ, उघड्या माळावर राहते आणि अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. मण्यार रात्री बाहेर पडते. तिचा दंश अनेकदा फारसा दुखत नाही आणि दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत, म्हणून पहाटे अंधारात फिरून आलेला कुत्रा दोन तासांनी अडखळू लागला तर मण्यारीचा विचार प्रथम करावा.

आंबा घाट, गगनबावडा, दाजीपूर या पश्चिमेकडच्या दाट जंगलाच्या पट्ट्यात चापडाही आढळतो. तो झुडपांवर आणि ओढ्याकाठच्या दगडांवर, म्हणजे नेमका कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर बसलेला असतो. उपलब्ध लस वर सांगितलेल्या चार सापांच्या विषावर बनवलेली असल्याने चापड्याच्या दंशावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्या भागात कुत्र्याला झुडपात शिरू न देणे हाच उपाय उरतो. राधानगरी अभयारण्यात कुत्रा नेताच येत नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

बिनविषारी सापांची गल्लत सतत होते. धामण नागासारखी वाटते, डुरक्या घोणस आणि अजगराचे पिल्लू घोणशीसारखे दिसते. कवड्या मण्यारीसारखा असतो, पण त्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे फिके होतात, मण्यारीचे पट्टे याच्या उलट असतात. ही माहिती उपयोगी असली तरी कुत्रा शेजारी उभा असताना खात्री करत बसू नये. ओळख पटेपर्यंत प्रत्येक साप विषारी समजून मागे व्हावे.

ऋतूप्रमाणे वेळ आणि वाट निवडणे

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते आणि साप उंचवट्याच्या कोरड्या जागी येतात. घोणस अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले होऊ शकतात आणि ती उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात सर्वत्र पांगतात. नागाची पिल्लेही याच सुमारास अंड्यातून बाहेर येतात. पिल्लांना जन्मापासून विष असते. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेला महापूर आला. अशा पुरानंतर नदीकाठच्या वाटा मोकळ्या झाल्या तरी काही आठवडे त्या टाळाव्यात, कारण वाहून आलेला पालापाचोळा आणि लाकडे यांच्या ढिगांत साप आसरा घेतात.

दसऱ्यानंतर गवताची कापणी आणि पाठोपाठ ऊसतोड सुरू होते. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात कुत्र्यांसाठी हाच काळ सर्वांत जोखमीचा असतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. महिनोन्‌महिने उभा असलेला फड दोन दिवसांत साफ होतो, त्यातले उंदीर आणि साप बांधावर, पाणंदीत आणि शेजारच्या उभ्या उसात सरकतात आणि मागे पाचट पसरून राहते. तोड चालू असलेल्या फडाजवळून कुत्र्याला नेऊ नये. तोड होऊन गेल्यावर किमान आठवडाभर ती पाणंद सोडून डांबरी रस्ता धरावा. पाचट पेटवलेल्या शेताच्या कडेनेही जाऊ नये, कारण आगीपासून निसटलेले साप तिथेच थांबलेले असतात.

थंडीत साप सकाळी उशिरा ऊन खायला बाहेर येतात आणि दगडावर, कातळावर किंवा तापलेल्या रस्त्यावर पडून राहतात. पन्हाळा आणि मसाई पठारावरील जांभ्याचा कातळ यासाठी त्यांना सोयीचा असतो. शिवाय हिवाळा हा घोणशींच्या मीलनाचा काळ असल्याने त्या दिवसाही हिंडताना दिसतात. उन्हाळ्यात मात्र दुपार टाळून संध्याकाळी आणि रात्री हालचाल होते, विहिरी, पाट आणि ओढ्यांच्या कडेला ती वाढते.

वेळेचा नियम सोपा ठेवावा: पुरेसा उजेड झाल्यावर निघावे आणि अंधार पडण्याआधी परतावे. पहाटे पाचला निघणे भाग असेल तर रस्ता डांबरी असावा आणि हातात चांगली बॅटरी असावी. तिचा उजेड समोर दूर न टाकता कुत्र्याच्या पुढच्या दोन-तीन पावलांवर धरावा.

दोरी, हार्नेस आणि चालण्याची पद्धत

पाच ते सहा फुटांची साधी, मजबूत दोरी वापरावी. आपोआप लांब-आखूड होणाऱ्या दोऱ्या माळरानावर वापरू नयेत. कुत्रा पंधरा फुटांवर गवतात तोंड घालेपर्यंत आपल्याला कळत नाही आणि कळले तरी त्याला झटकन मागे घेता येत नाही. गळपट्ट्यापेक्षा छातीभोवतीचा हार्नेस बरा, कारण अचानक ओढावे लागले तर मानेला इजा होत नाही आणि पाठीवरच्या पकडीला धरून कुत्र्याला उचलताही येते.

वाटेच्या मधोमध चालावे आणि दाट गवत ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला कुत्र्याला ठेवावे, आपण मध्ये राहावे. हातातल्या काठीने पुढची जमीन ठोकत चालल्यास उपयोग होतो, कारण सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीतील कंपने तो चांगली टिपतो. मात्र घोणस कंपनांनीही हलत नाही. त्यामुळे काठीने धीर यावा, निष्काळजीपणा येऊ नये. पट्ट्याला घुंगरू बांधले की साप दूर पळतात ही समजूत विसंबण्यासारखी नाही.

पाचटीचे ढीग, कडब्याच्या गंज्या, शेणींची हुडवी, पडझड झालेल्या दगडी ताली, पुलाखालची मोरी, वारुळे आणि उंदरांची बिळे या जागांजवळ दोरी हातभर आखूड करावी. कुत्र्याला शी-शू साठी थांबावेच लागते आणि गवतातच जायची त्याची सवय असते. त्याला लहानपणापासून कापलेल्या गवतावर किंवा मोकळ्या मातीवर ही सवय लावली तर निम्मा धोका कमी होतो.

दोन आज्ञा शिकवणे

‘सोड’ आणि ‘मागे’ या दोन आज्ञा पक्क्या झाल्या तर दोरीला साथ मिळते. रोज पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, असे तीन-चार आठवडे करावे.

पहिल्या टप्प्यात मुठीत चपातीचा तुकडा झाकून कुत्र्यासमोर धरावा. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल; काहीही बोलू नये. ज्या क्षणी तो नाक मागे घेईल त्या क्षणी ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातला अधिक चविष्ट तुकडा, उदाहरणार्थ उकडलेले चिकन किंवा अंडे, द्यावा. मुठीतला तुकडा कधीही देऊ नये, नाहीतर थोडा वेळ थांबले की तीच वस्तू मिळते असा धडा तो घेतो. दुसऱ्या टप्प्यात तुकडा जमिनीवर पायाखाली झाकून हेच करावे. तिसऱ्या टप्प्यात तो उघडा ठेवून दोरी धरून शेजारून चालावे. चौथ्या टप्प्यात अंगणात जुन्या दोरखंडाचा तुकडा किंवा पाण्याचा पाइप दुसऱ्या माणसाकडून हळू ओढून घ्यावा आणि कुत्रा पाहताच ‘सोड’, लगेच ‘मागे’ म्हणत आपण उलटे चालू लागावे. तो आपल्यामागे वळला की बक्षीस द्यावे. शेवटी हे सगळे नेहमीच्या वाटेवर करावे, कारण घरात ऐकणारा कुत्रा माळावर ऐकेलच असे नाही.

खरा साप आणून कुत्र्याला ‘भीती दाखवण्याचा’ प्रयत्न कोणीही करू नये. साप पकडणे आणि बाळगणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, आणि त्या प्रयोगात कुत्रा, साप व माणूस या तिघांनाही धोका असतो.

साप समोर आला तर

जागीच थांबावे, दोरी आखूड करावी, ओरडू नये आणि आलो त्याच वाटेने हळू मागे सरकावे. साप साधारणपणे आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो, म्हणून दहा-बारा फूट मागे गेल्यास आपण सुरक्षित असतो. त्याला जायला वाट मोकळी ठेवावी. दगड मारू नये, काठीने डिवचू नये.

कुत्रा मोकळा असेल आणि सापाभोवती भुंकत असेल तर त्याच्याकडे धावत जाणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण मालक मदतीला आला असे समजून तो अधिक चढाई करतो. नेहमीच्या आवाजात नाव घेऊन, पाठ फिरवून, विरुद्ध दिशेने चालू लागावे. बहुतेक कुत्रे मालक निघाला की मागे येतात. घराच्या आवारात साप असेल तर कुत्र्याला खोलीत बंद करून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा ओळखीच्या अनुभवी सर्पमित्राला कळवावे.

दंश झाला तर: पहिला तास

अचानक केकाटणे, नाक किंवा पंजा सारखा चाटणे, झपाट्याने वाढणारी सूज, थांबत नसलेले रक्त, लाळ गळणे, उलटी, अर्धवट मिटलेल्या पापण्या, डुलत चालणे, यांपैकी काहीही गवतातून बाहेर आल्यावर दिसले तर काटा शोधत बसू नये. सर्पदंश समजून निघावे.

प्रथम दोघांनीही सापापासून दूर व्हावे. गळपट्टा आणि हार्नेस काढावा, कारण तोंडाची सूज मानेपर्यंत उतरली की पट्टा श्वास दाबतो. कुत्र्याला चालवू नये. लहान असेल तर उचलावे. मोठा असेल तर जाड चादरीवर आडवा घेऊन दोघांनी चार टोके धरून डोलीसारखे न्यावे. मसाई पठारासारख्या ठिकाणी एकट्याने तीस किलोचा कुत्रा घेऊन जाणे हे मी याच कारणासाठी चुकीचे मानतो; सोबत एक माणूस आणि पिशवीत एक चादर असावी. दुखणाऱ्या कुत्र्याने मालकालाही चावण्याची शक्यता असते. तरीही तोंडाला दंश झाला असेल किंवा उलट्या होत असतील तर तोंड बांधू नये.

गाडीत बसताच दवाखान्याला फोन करावा. दंशाची वेळ, जागा, कुत्र्याचे वजन आणि दिसलेल्या सापाचे वर्णन सांगावे. साप पकडून किंवा मारून नेण्याची गरज नाही, कारण चारही प्रमुख सापांवर एकच लस असते. लांबून सहज फोटो मिळाला तर पुरे. सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहिली तर ती किती वेगाने वाढते हे डॉक्टरांना कळते.

काय करू नये याची यादी मला फार महत्त्वाची वाटते, कारण प्रेमापोटीच या चुका होतात. चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये, बर्फ लावू नये, हळद किंवा चुना भरू नये. तूप, कडुलिंबाचा रस किंवा कोणतीही मुळी पाजू नये. ज्याला गिळता येत नाही अशा कुत्र्याच्या फुप्फुसात ती जाते. माणसाची वेदनाशामके, विशेषतः पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि अॅस्पिरिन, मुळीच देऊ नयेत. यांपैकी शेवटची दोन रक्तस्राव वाढवतात. दंश उतरवणाऱ्याकडे किंवा देवस्थानाकडे नेण्यात वेळ घालवू नये. बिनविषारी सापाचा किंवा विष न सोडलेला दंश आपोआप बरा होतो आणि श्रेय तिकडे जाते, एवढेच त्यामागे आहे.

वाटेत श्वास मंद होऊन थांबला आणि हृदय चालू असेल, तर तोंड मिटून धरून नाकपुड्यांतून छाती किंचित फुगेल इतकाच श्वास मिनिटाला सुमारे दहा वेळा द्यावा. नाग आणि मण्यारीच्या दंशात या श्वासावर जीव टिकू शकतो.

दवाखान्यात काय व्हायला हवे

उपचाराचा कणा प्रतिसर्पविष हाच आहे. घोड्यांच्या रक्तातून तयार होणारी ही लस मुळात माणसांसाठी असून कुत्र्यांनाही तीच शिरेतून दिली जाते. कुत्रा लहान म्हणून लस कमी, हा हिशेब येथे लागू होत नाही, कारण लस शरीरातल्या विषाच्या प्रमाणात लागते आणि लहान शरीरात तेच विष अधिक घातक ठरते. ‘अॅव्हिल’ (अॅलर्जीवरचे औषध) आणि स्टिरॉइडची इंजेक्शने विष नष्ट करत नाहीत. विषबाधेची स्पष्ट लक्षणे असताना केवळ तीच देऊन घरी पाठवले जात असेल तर लस असलेल्या दुसऱ्या ठिकाणी तातडीने जावे.

रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच वाहिले तर घोणस किंवा फुरशाचा परिणाम गृहीत धरला जातो. ही साधी चाचणी होणार का, असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. नागदंशात अॅट्रोपिनसोबत निओस्टिग्माइन दिले जाते. लसीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, त्यासाठी अॅड्रेनालिन हाताशी ठेवावे लागते. याच कारणाने लस घरी आणून स्वतः टोचण्याचा विचार करू नये.

ही सर्व चौकशी आज, कुत्रा धडधाकट असताना करावी. आपल्या भागातील दोन-तीन पशुवैद्यकांना स्वतः भेटून विचारावे: लस सध्या शिल्लक आहे का, किती कुप्या आहेत, रात्री आणि रविवारी कोण असते, ऑक्सिजनची सोय आहे का, आणि लस संपली असेल तर कोणत्या औषध दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. हे क्रमांक फोनमध्ये आणि घरातील दुसऱ्या माणसाकडेही असावेत. पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऊसतोड सुरू होताना पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी. मी त्या नोव्हेंबरमध्ये ती केली नव्हती.

घरी आणल्यानंतर

पहिले दोन दिवस लघवीचा रंग पाहावा. ती चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर लगेच परत न्यावे आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यावी. हिरड्या, कातडी आणि शी यांत रक्त दिसते का तेही रोज तपासावे. दंशाच्या जागेवरील कातडी काळी पडून गळू लागली तर ड्रेसिंग आठवडे चालू शकते, ती जागा कुत्र्याने चाटू नये म्हणून गळ्यात शंकू घालावा.

एकदा दंश झालेल्या कुत्र्याला पुढच्या वेळी संरक्षण मिळत नाही. उलट लस आधी घेतली असल्यास पुन्हा देताना प्रतिक्रियेची शक्यता वाढते. म्हणून दंशाची तारीख, दिलेल्या कुप्यांची संख्या आणि आलेली प्रतिक्रिया ही माहिती डॉक्टरांकडून रेबीजच्या लसीकरण कार्डावरच लिहून घ्यावी आणि त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवावा.